काडतुसांना ओल धरू नये म्हणून

फौजेतून पेन्शनीवर आलेल्या माणसाला गावात पहिला प्रश्न एकच विचारतात, "किती उडवले?" मी आजवर याचं सरळ उत्तर दिलेलं नाही. आढ्याकडं बघायचं, एक सुस्कारा सोडायचा आणि "जाऊ द्या, त्या गोष्टी बोलायच्या नसतात" म्हणायचं, एवढ्यावर माझं आजवर भागलं. खरी गोष्ट अशी की सगळी नोकरी मी दारूगोळ्याच्या कोठारात काढली. शत्रू पाहिला तो टीव्हीवर. माझं काम पेट्या सांभाळायचं. पेटी जमिनीला टेकू द्यायची नाही, खाली लाकडी पट्ट्या पाहिजेत. भिंतीला चिकटू द्यायची नाही. झाकणाचं रबर बोटानं चाचपून बघायचं, आणि काय वाटेल ते झालं तरी आत ओल शिरू द्यायची नाही. ओल हाच माझा शत्रू. तिच्याशी मी इमानानं लढलो, पण ते विचारतंय कोण?

आमचं मूळ घर पेडगावचं, मेंढरं राखणारं. पोरगं मेंढरांमागं न जाता फौजेत गेलं म्हणून वडील पारावर मिशीला पीळ देऊन सांगायचे, "आमचा बॉर्डरवर हाय." मी त्यांना कधी सांगितलं नाही की बॉर्डर माझ्यापासून परभणीहून मुंबई असेल तितकी लांब होती. म्हातारा सुखात गेला, झालं.

नोकरी संपल्यावर पाथरीत छोटं घर बांधलं आणि एसटीनं अर्ध्या तासावरच्या एका बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभा राहायला लागलो. दुनळी, बारा बोरची. बंदूक माझी, लायसन माझं, काडतुसं माझी. बँकेचं फक्त स्टूल.

आमची गार्ड पुरवणारी एजन्सी वर्षातून एकदा सगळ्या बंदूकवाल्यांना माळावर नेऊन बार काढायला लावते. त्या वर्षी पावसाळा नुकताच सरला होता. माझा नंबर आला. छाती काढून उभा राहिलो, नेम धरला, घोडा ओढला. खट्ट! दुसरी नळी. खट्ट! तपासणीला आलेले साहेब शांतपणे म्हणाले, "फौजी, चोराला दार वाजवून उठवायलाव का काय?" बाकीचे गार्ड पोट धरून हसायला लागले. माझं तोंड वांग्यासारखं झालं.

कारण शोधायला लांब जायची गरज नव्हती. काडतुसं मी छातीवरच्या चामडी पट्ट्यात मिरवत होतो. रुबाब होता त्यात. उन्हाळाभर माझाच घाम पिऊन त्यांची पितळी बुडं हिरवी पडली होती, आणि राहिलेलं काम पावसाळ्यानं केलं. ज्यानं जन्मभर सरकारचा दारूगोळा कोरडा ठेवला त्यानं स्वतःची काडतुसं स्वतःच्या घामानं भिजवली. साहेबांनी बजावलं, "पुढच्या बारीला मी बँकेतच येऊन बघणार. काडतुसं नवी, कोरडी आन् चांगल्या डब्यात दिसली पाहिजेत."

"त्यात काय एवढं," बायको म्हणाली, "डाळीला दाखवतो तसं ऊन दाखवा की. कुरडयांशेजारी पसरते." मी तिला दारूगोळा आणि ऊन या विषयावर मोठं भाषण दिलं. ती मध्येच उठून दूध बघायला गेली.

लायसनवर नवी काडतुसं आणली, आणि मग सुरू झाला डब्याचा शोध. घरातल्या हिंगाच्या डब्यापासून सुरुवात केली. झाकण घट्ट होतं, पण काडतुसं आत अशी खडखडायची की एसटीत शेजारची बाई म्हणाली, "दादा, गोट्या खेळायलाव का?" शिवाय बंदुकीच्या नळीला हिंगाचा वास मारायला लागला. मग वडलांची पत्र्याची पेटी काढली. तिच्या बिजागरीतून पाल आत-बाहेर करत होती. जिथून पाल जाते तिथून हवा जाणारच. मग परभणीला जाऊन प्लॅस्टिकच्या डब्यांचं एक दुकान गाठलं. दुकानदार म्हणाला, "काका, पाण्याचा थेंब जाणार नाही आत." मी म्हणलं, बादली आणा. डब्यात वर्तमानपत्राचा तुकडा घालून मी तो भर दुकानात पाण्यात बुडवला आणि घड्याळ लावून बसलो. गर्दी जमली. कुणी म्हणालं मासे पकडायलाय, कुणी म्हणालं जादू हाय. डबा काढला, कागद चिंब. दुकानदारानं विचारलं, "काका, यात ठेवायचंय तरी काय?" भर बाजारात काडतुसं कशी म्हणायची? मी म्हणलं, "लोणचं." तो म्हणाला, "मग बरणी घ्या ना, कशाला जिवाला त्रास?"

शेवटी एका भंगारवाल्याकडं फौजी हिरव्या रंगाची खरीखुरी गोळ्यांची लोखंडी पेटी मिळाली. कडी, रबर, सगळं जागच्या जागी. मी तिला जवळजवळ मिठीच मारली. दुसऱ्या दिवशी ती मांडीवर घेऊन एसटीत बसलो तर शेजारचा माणूस न बोलता उठला आणि दाराजवळ जाऊन उभा राहिला. बँकेत मॅनेजरसाहेबांनी पेटीवरचं पिवळं इंग्रजी वाचलं आणि म्हणाले, "फौजी, ही पायरीवर दिसली तर कर्जवालेसुद्धा आत यायचे बंद होतील." पेटी घरी आली. बायकोनं तिच्यात कांदे भरले. आजतागायत एक कांदा नासला नाही, हे मात्र सांगितलं पाहिजे.

ह्या धामधुमीतच पोरीच्या लग्नाचं चाललं होतं. ती औषधांचा कोर्स परभणीत करून पाथरीतल्याच एका मेडिकल दुकानात बसायची. शहाणी, कामाची, कमी बोलणारी. आधीची दोन स्थळं माझ्या तोंडापायी गेली होती. पहिल्या पोराला मी उभं करून त्याची पाठ सरळ आहे का ते मागून बघितलं. दुसऱ्याला विचारलं, सकाळी कधी उठतोस? तो आठला म्हणाला. मी त्याच्या बापाकडं बघून एवढंच म्हणलं की आमच्या कोठारात आठपर्यंत उंदीरसुद्धा झोपत नव्हते. ते लोक चहा अर्धा ठेवून गेले.

म्हणून सोनपेठचं स्थळ आलं तेव्हा बायकोनं आदल्या दिवशीच हुकूम सोडला, "या बारीला तुमी नमस्कार करायचा आन् तोंड बंद ठेवायचं. हे स्थळ गेलं तर बगा!" तिच्या आवाजात नेहमीपेक्षा जास्त धार होती. का, ते मला तेव्हा कळलं नाही. मला बऱ्याच गोष्टी उशिरानं कळतात.

पाहुणे आले. पोराचं सोनपेठला स्वतःचं मेडिकल, वडील रिटायर झालेले गुरुजी, आई शांत, नजरेनं सगळं टिपणारी. मी तोंड इतकं बंद ठेवलं की गुरुजींनी बायकोला हळूच विचारलं, "फौजीसाहेबांना ऐकू कमी येतं का?" पण माझं लक्षच दुसरीकडं होतं. पोराच्या आईनं डिंकाचे लाडू आणले होते, आणि ते ज्या डब्यात आणले होते तो डबा! चौकोनी, स्टीलचा, चारी बाजूंनी खटके, झाकणाच्या आत पांढऱ्या रबराची जाड रिंग. लोक पोरगा-पोरगी बघत होते आणि मी खटके उघडून लावून बघत होतो. टक्, टक्. रिंग चाचपली. एकदम मऊ, कुठं चीर नाही. राहवलं नाही आणि त्या सगळ्या कार्यक्रमात मी एकच वाक्य बोललो. "ताई, हा डबा कुठं घेतला?"

"आमच्या बाजारात," त्या म्हणाल्या. टेबलाखाली बायकोची टाच माझ्या अंगठ्यावर पडली.

"विचार करून कळवतो," म्हणून पाहुणे गेले. मी मात्र पुढच्याच आठवडी बाजाराला सोनपेठ गाठलं आणि तसलाच डबा आणला. हुबेहूब. बादलीत बुडवला, कागद कोरडा! मग घराचं कोठार केलं. काडतुसं हलू नयेत म्हणून बायकोच्या जुन्या निळ्या सपातीचा, म्हणजे रबरी चपलेचा, तळ कापून डब्यात बसवला. त्यात प्रत्येक काडतुसाला गोल खाच पाडली, पॉलिश पेपरनं कडा घासल्या. ओल शोषायला बुटांच्या खोक्यात येतात तसल्या पांढऱ्या पुड्या चपलांच्या दुकानातून मागून आणल्या. वरून फडकं गुंडाळून फौजेत शिकलेली गाठ मारली. आणि डब्यावर नाव, खूण काही टाकलं नाही. का? तर गुप्तता! दारूगोळा कशात आहे ते घरातल्या माणसालाही कळता कामा नये. या एका हुशारीबद्दल मला आजही स्वतःच्या मुस्कटात द्यावीशी वाटते.

इकडं सोनपेठहून निरोप काही येईना. पोरगी फोन वाजला की मान वर करायची, पुन्हा खाली घालायची. बायको म्हणाली, "त्यांचा डबा आपल्याकडंच हाय. लाडू घालून परत पाठवू. डबा हातात पडला की हो-न्हाई काहीतरी बोलावंच लागतंय." आमच्याकडं दुसऱ्याचं भांडं रिकामं परत देत नाहीत, काही नसलं तर निदान चिमूटभर साखर टाकून देतात. तिनं साजूक तुपातले बेसनाचे लाडू केले, डबा भरला, फडक्यात बांधला आणि ओट्यावर ठेवला.

नेमकी त्याच दिवशी माझी बँकेतली तपासणी. मीही माझा डबा पुसून, फडक्यात बांधून ओट्यावरच ठेवला. दारात हॉर्न वाजला. माझा मेहुणा पाथरी-सोनपेठ जीप चालवतो. डबा तोच नेणार होता. बायको न्हाणीत होती. आतून ओरडली, "अहो, ओट्यावरला डबा द्या त्याला!"

एखाद्यानं एक क्षण थांबून विचार केला असता. मी फौजी. हुकूम आला की अंमल. उचलला आणि दिला. वर मेहुण्याला बजावलं, "नीट धर, आदळू नको. आणि त्या ताईंच्याच हातात दे."

"दाजी, लाडूच हायत ना, बाँब हाय का?" तो म्हणाला. दोघंही हसलो.

बँकेत साहेब वेळेवर आले. मॅनेजर, कॅशियर, दोन-चार गिऱ्हाइकं सगळे बघत होते. साहेबांनी बंदूक बघितली, नळीत डोकावले. "आता काडतुसं." मी डबा टेबलावर ठेवला. आधी झाकणाबद्दल, रबराबद्दल, ओलीबद्दल थोडं व्याख्यान दिलं. साहेब मान डोलवायला लागले. मग बोलण्याच्या नादात गाठ न बघताच फडकं सोडलं, खटके उघडले, टक्, टक्, आणि झाकण उचललं.

तुपाचा आणि वेलदोड्याचा घमघमाट सुटला. लाडू. वर एकेक बेदाणा.

साहेबांनी चष्मा नाकावर सरकवला, एक लाडू उचलला, गोल फिरवून बघितला आणि विचारलं, "हा कुठल्या बोअरचा?"

कॅशियर टेबलाखाली गेला तो बराच वेळ वर आला नाही. मला मात्र हसू नाही आलं. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं. हा डबा इथं, तर तो कुठं? मी स्टुलावर बसलो आणि म्हणलं, "साहेब, काडतुसं व्याह्याकडं गेली. म्हणजे अजून व्याही झाले न्हाईत. आता होतबी न्हाईत."

साहेब भला माणूस. लाडू खाल्ला, दुसरा उचलला आणि म्हणाले, "उद्या येतो. जा, घेऊन या. लायसनवर आहेत तेवढी सगळी मोजून घ्या." बंदूक तिजोरीच्या खोलीत ठेवून मी बाहेर येऊन मेहुण्याला फोन लावला. तो म्हणाला, "दिला की दाजी, ताईंच्या हातात. तुमी सांगितलं तसं." असा आज्ञाधारक माणूस मी दुसरा पाहिला नाही. नेमका त्याच दिवशी!

मग घरी फोन केला. बायकोला सगळं सांगितलं. फोन पोरीनं घेतला.

"अप्पा, तुमी कापत बसला होता ती आईची सपात बी त्यात हाय ना?"

आई गं! माझ्या डोक्यात तोवर काडतुसांचंच वादळ होतं. काडतुसांचं एक वेळ समजावून सांगता येईल. पण ज्या घरात पोरगी द्यायची त्या घरी लाडवांच्या डब्यात चप्पल? वापरलेली? तो अपमान कुणी पोटात घालेल का? मी काहीतरी पुटपुटलो, की ती सपात धुऊन घेतली होती.

आणि पोरगी रडायला लागली. लहानपणापासून तिला मोठ्यानं रडताना मी ऐकलं नव्हतं. "अप्पा, तुमाला काहीच कसं दिसत न्हाई? आमी एकाच कॉलेजात होतो. त्यानं किती मिनत्या करून घरच्यांना तयार केलं. आईला माहीत हाय, मामाला माहीत हाय. तुमी पुन्हा काहीतरी बोलून घालवताल म्हणून तुमाला सांगितलं न्हाई."

घरातल्या सगळ्यांना माहीत होतं, मला सोडून. पोरीच्या मनातलं बाहेर यायला बापाकडं एक फटसुद्धा राहिली नव्हती. मला फार वाईट वाटलं. "रडू नको," म्हणलं, "मी जायलोय सोनपेठला." ती म्हणाली, "जाऊ नका अप्पा, तुमी गेला तर आणखी इस्कोट होईल." तरीही मी गेलो. दुसऱ्याच्या घरात काडतुसं ठेवून कसं चालेल?

लाडवांचा डबा मांडीवर घेऊन मिळेल त्या जीपमध्ये बसलो. वाटभर वाक्यं जुळवत होतो. 'ताई, गैरसमज करून घेऊ नका.' 'ताई, ती चप्पल म्हणजे चप्पल नाही.' एकही धड जुळलं नाही.

गुरुजींनी दारातच हात धरला. "या या, फौजीसाहेब! अचानक?" म्हणजे गुरुजींना काही माहीत नव्हतं. मला खुर्ची दिली, पंखा लावला, आणि विचारलं, "मग, बॉर्डरवर असताना कधी समोरासमोर गाठ पडली का?" मी आढ्याकडं बघितलं, सुस्कारा सोडला. त्या दिवशीचा सुस्कारा मात्र अगदी खरा होता.

आतल्या फळीवर माझा डबा दिसत होता. फडक्यात बांधलेला, जसाच्या तसा. हुश्श! उघडला नाही अजून. देवाचे आभार मानणार एवढ्यात नजर गाठीवर गेली. गाठ माझी नव्हती. साधी, बायका पुरणाच्या डब्याला मारतात तसली. म्हणजे उघडला, बघितला, आणि पुन्हा बांधून ठेवला.

पोराची आई चहा घेऊन आली. चेहऱ्यावर रेषा हलेना. मी लाडवांचा डबा पुढं केला. "ताई, हा... लाडू..."

"सकाळीच आला की डबा!" गुरुजी म्हणाले.

"तो येगळा होता," त्या म्हणाल्या. "तुमी जरा दुकानावर जाऊन पोराला जेवायला पाठवा." गुरुजी मुकाट उठले. माझ्या लक्षात आलं की या घरातही हुकूम कुणाचा चालतो.

आता आम्ही दोघंच. मी उभा राहिलो, आपोआप सावधानमध्ये. "ताई, चूक माझी. बायकोची न्हाई, पोरीची तर मुळीच न्हाई. मला शिक्षा करा, पण पोरीला..."

त्यांनी फळीवरून डबा काढून माझ्यासमोर ठेवला. "एक विचारू का? सपातीला त्या खाचा कुणी पाडल्या?"

"मीच."

"हातानं?"

"हातानं. कडा घासल्यात."

"बघितलं मी बोट फिरवून. एवढं कशाला?"

"हलू नयेत म्हणून. ओल धरू नये. जपावं लागतंय ताई."

"पोरीलाबी असंच जपलं असंल."

"म्हणजे काय! जिवापाड."

त्यांनी डब्यावर हात ठेवला. मग म्हणाल्या, "भाऊ, एक सांगते, राग मानू नका. आमच्या घरात इतकं घट्ट झाकण कशालाच न्हाई."

झालं. मी समजलो. इतक्या सभ्यपणे दिलेला नकार मी पहिल्यांदाच ऐकला. त्या काडतुसांचा डबा घेऊन आत गेल्या, काहीतरी खुडखुड ऐकू आली, आणि डबा पुन्हा फडक्यात बांधून माझ्या हातात दिला. "घरी जाऊनच उघडा. वाटेत न्हाई." मी नमस्कार केला. काडतुसं नीट आहेत का ते मोजायचं भानही राहिलं नाही, म्हणजे माझी काय अवस्था झाली होती बघा.

परतताना जीपमध्ये लोक कापसाच्या भावावर भांडत होते. मला फक्त पोरीचं रडणं ऐकू येत होतं. शत्रूनं कधी माझं काही बिघडवलं नाही, मी स्वतःच पुरेसा होतो. पहिलं स्थळ तोंडानं घालवलं, दुसरं तोंडानं घालवलं, तिसऱ्याला तोंड बंद ठेवायला सांगितलं तर डब्यानं घालवलं.

घरी दोघी दारातच उभ्या होत्या. पोरीचे डोळे सुजलेले. माझं तोंड बघून त्यांना कळलं असावं. मी डबा ओट्यावर ठेवला. "काडतुसं मोजून घेतो," म्हणलं, कारण दुसरं काय म्हणावं ते सुचेना. फडकं सोडलं, खटके उघडले.

काडतुसं आपापल्या खाचांत सरळ उभी होती, एकही कमी नाही. आणि त्यांच्यावर कागदाचा एक मोठा पुडा, दोऱ्यानं बांधलेला. माझ्या छोट्या पांढऱ्या पुड्यांपेक्षा कितीतरी मोठा. मला इतक्या दुःखातही बाईचं कौतुक वाटलं.

"बघा," मी म्हणलं, "नकार दिला पण बाई हुशार. ओल शोषायला केवढी पुडी ठेवली!"

दोरा ओढला. पुडा सुटला आणि आतून साखर सांडली. सपातीवर, काडतुसांवर, ओट्यावर.

"अरारारा! साखर? काडतुसांच्या डब्यात साखर? ही तर उलट ओल धरती! मुंग्या लागतील! एवढी समजूतदार बाई आन्..." मी फुंकर मारून काडतुसं झटकायला लागलो.

बायकोनं पदर तोंडाला लावला. पोरगी आधी साखरेकडं बघत राहिली, मग कागदाकडं, आणि मग हसायला लागली. रडता रडताच हसत होती. तिला हसतानाही मी असं कधी ऐकलं नव्हतं.

"अप्पा," ती म्हणाली, "साखरेचा पुडा हाय तो."

"ते दिसतंय मला! पण कशाला?"

"अहो, साखरपुडा!" बायको ओरडली. "देवा रे, ह्या माणसाला फौजेत घेतलं तरी कुणी?"

मी तिथंच खाली बसलो. हातात एक काडतूस होतं, त्याला साखर चिकटलेली. पोरगी माझ्याजवळ बसली आणि तिनं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. ती मोठी झाल्यापासून असं कधी झालं नव्हतं. बायकोनं ओट्यावरची चिमूटभर साखर माझ्या तोंडात कोंबली. "घ्या, तोंड गोड करा. आन् आता लग्नापर्यंत बंद ठेवा."

मी बंद ठेवलं. थोड्या वेळानं पोरीनं वाकून माझ्याकडं बघितलं. "अप्पा, काय झालं? डोळे कशानं..."

"काय न्हाई गं," मी म्हणलं, "जरा ओल धरली."